तीस पौंडांचा खर्ज

हॅम्बर्गला माणसे बंदर पाहायला जातात. एल्बे नदीत शिरलेली अवाढव्य जहाजे पाहावीत, रविवारी पहाटे मासळीबाजारात एक चक्कर टाकावी, आणि संध्याकाळ झाली की आपल्या गावचे कोणी आसपास नाही ना याची खात्री करून घेऊन रेपरबानचा रस्ता धरावा, असा एकूण तिथला शिरस्ता आहे. रेपरबान या नावाचा अर्थ अगदी सोवळा आहे. दोर वळणाऱ्यांची वाट. शिडाच्या जहाजांना लागणारे लांबच लांब दोर वळायला सरळ, मोकळी जागा हवी. ती इथे होती. पुढे दोर गेले, खलाशी राहिले, आणि त्यांना बांधून ठेवणारे दुसरेच पाश इथे वळले जाऊ लागले. त्या पाशांचे वर्णन आजवर पुष्कळांनी चवीने केले आहे. मी तेवढा भाग सोडून देतो. मला तिथे वेगळे काम होते.

मी एका गिटारीचा माग काढीत गेलो होतो. तीही बेस गिटारीचा.

बेस गिटार म्हणजे काय, हे मला वरचेवर सांगावे लागते. साध्या गिटारीला सहा तारा, हिला चार. पण त्या चारही जाडजूड, आणि साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांपेक्षा बरोबर एक सप्तक खाली लावलेल्या. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तारांच्या खाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेची हजारो वेटोळी असतात. तार हलली की वेटोळ्यात वीज खेळते आणि ती वीज कर्ण्यातून आवाज होऊन बाहेर पडते. रॉक संगीतात ड्रमवाला ठेका धरतो आणि बेसवाला त्या ठेक्याला सुरांची जमीन देतो. ऐकणाऱ्याचे लक्ष गाणाऱ्याकडे आणि पुढच्या गिटारवाल्याकडे. आपल्याकडे मैफलीत तंबोऱ्याच्या खर्जाला कोणी ‘वाहवा’ म्हणत नाही. पण ती तार उतरली की गवयाचे तोंडही उतरते. तसेच हे.

असे एक वाद्य माझ्याजवळ आहे. सहा वर्षांपूर्वी मुंबईत, दुसऱ्याने वापरून कंटाळलेले, आठ हजार रुपयांना घेतले. आकार व्हायोलिनचा, बनावट चीनची. आम्ही पाच जण शनिवारी रात्री एका स्नेह्याच्या गॅरेजमध्ये जमतो आणि १९६० नंतरच्या दशकातली इंग्रजी गाणी वाजवतो. पहिल्या जाहीर कार्यक्रमानंतर घरी येताना पत्नीने अगदी निष्पाप चेहऱ्याने विचारले होते, “अहो, तुमचं चालू होतं ना?” बेसवाल्याच्या आयुष्यातला हा नेहमीचा प्रश्न आहे.

स्वस्त वाद्याच्या कटकटी असतात, नाही असे नाही. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या गिटारीची मान वाकली आणि तारा पडद्यांपासून इतक्या वर गेल्या, की सूर दाबण्यापेक्षा नारळ सोलणे सोपे. वांद्र्याच्या एका गोवेकर कारागिराने ती मांडीवर घेतली, मानेच्या पोटात असलेल्या पोलादी सळईचा स्क्रू पाव फेरा पिळला, घोडी थोडी मागेपुढे सरकवली, पडद्यांची बोचरी टोके कानशीने घासली. “दर पावसाळ्यात आणा,” तो म्हणाला. “छत्री नाही का आपण दुरुस्त करत?” तेव्हापासून ती सुरात आहे. तरीही आमच्या संचातला मुख्य गिटारवाला, म्हणजे माझा भाचा, मी जर्मनीला निघालो तेव्हा म्हणालाच, “मामा, आता तरी चांगला बेस घेऊन ये. लोक तुझ्या हातात काय आहे ते बघतात.” त्यासाठी मी पैसेही बाजूला टाकले होते. थोडेथोडके नव्हते, निवृत्तीला चार वर्षे उरलेल्या माणसाने एका हौसेवर टाकावेत की नाही, असा घरात चार दिवस विषय होण्याइतके होते.

रेपरबानच्या एका टोकाला, डाव्या-उजव्या रोषणाईतून वाट काढीत गेले, की ग्रोसे फ्रायहाइट नावाची गल्ली लागते. मोठे स्वातंत्र्य! तिथले दिवे पाहून हे नाव कशावरून पडले याचा कोणीही मनाशी तर्क करील, आणि तो चुकेल. सतराव्या शतकात हा भाग हॅम्बर्गबाहेरच्या आल्टोना या गावात मोडे. तिथल्या सरदाराने परधर्मपंथीयांना उपासनेची आणि कारागीर-संघांबाहेरच्या माणसांना धंद्याची मोकळीक दिली होती. त्याची साक्ष म्हणून सेंट जोसेफचे कॅथलिक देऊळ आजही त्याच गल्लीत, नाचघरांच्या रांगेत, शांतपणे उभे आहे. ज्याला दुसरीकडे थारा नाही त्याने इथे यावे, अशी ही जुनी रीत.

१९६० च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलची पाच पोरे या गल्लीत येऊन दाखल झाली. त्यांनाही दुसरीकडे फारसा थारा नव्हता. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, पीट बेस्ट आणि स्टुअर्ट सटक्लिफ. गल्लीतल्या इंद्रा क्लबात ती रोज रात्री वाजवीत आणि जवळच्या बाम्बी नावाच्या थिएटरच्या पडद्यामागे, गारठ्यात झोपत. पुढे कायसरकेलर, मग रेपरबानवरचा टॉप टेन क्लब. रात्री सात-सात तास उभ्याने वाजवायचे. आपल्याकडे गवयाचे रियाज किती तासांचे, याच्या कथा सांगतात. या पोरांचा रियाज पोटासाठी आणि दारू प्यालेल्या खलाशांपुढे झाला, एवढाच फरक.

बेस होता स्टुअर्टकडे, आणि तो मुळात चित्रकार. लिव्हरपूलच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्याचे एक चित्र ६५ पौंडांना विकले गेले. त्या पैशाच्या जोरावर मित्रांनी त्याच्या गळ्यात बेस गिटार अडकवली, कारण संचात कोणाला तरी ती वाजवायला हवी होती. तो प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवी, अशी आख्यायिका आहे. १९६१ साली त्याने संच सोडला आणि चित्रकला शिकायला तो हॅम्बर्गलाच राहिला. १० एप्रिल १९६२ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. वय वर्षे एकवीस. गल्लीच्या तोंडाशी २००८ साली ग्रामोफोनच्या तबकडीसारखा गोल चौक बांधला आहे. तिथे या मंडळींच्या पोलादी आकृत्या आहेत. नुसत्या बाह्यरेषा, आत पोकळ. मधे उभे राहून लोक फोटो काढून घेतात. स्टुअर्टची आकृती इतरांपासून दूर, एकटी उभी आहे. मी होतो तेवढ्या वेळात तिच्यात कोणीही जाऊन उभे राहिले नाही. मग मीच राहिलो.

स्टुअर्ट गेल्यावर बेस कोणी घ्यायचा? कोणालाच नको होता. बेस म्हणजे मागे उभे राहणाऱ्या जाड्या पोराचे काम, अशी तेव्हाची समजूत असल्याचे मॅकार्टनीने स्वतःच पुढे सांगितले आहे. तो जाडा नव्हता, पण त्याच्या वाट्याला ते आले. आता वाद्य आणायचे कुठून? अमेरिकेत लिओ फेंडर या गृहस्थांनी १९५१ साली घडीव लाकडाची, पडदे असलेली बेस गिटार बाजारात आणली होती. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून तिचे नाव प्रिसिजन. उत्तम वाद्य, पण किंमत शंभर पौंडांच्या घरात.

हॅम्बर्गच्या मध्यावर कॉलोनाडेन नावाचा कमानींचा रस्ता आहे. सावलीतून चालावे, दुकानांच्या काचा पाहाव्यात, असा. तिथल्या स्टाइनवे या प्रसिद्ध पियानोवाल्यांच्या दुकानात मॅकार्टनीला एक हॉफ्नर दिसली. व्हायोलिनच्या आकाराची, पोकळ, दोन-सव्वादोन किलो वजनाची, आणि मुख्य म्हणजे सुमारे तीस पौंडांची. तो डावखुरा. साधी गिटार उलटी धरली की उलटा सदरा घातल्यासारखी दिसते. व्हायोलिनचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा, तेव्हा तोही प्रश्न मिटला. परवडते, हलकी आहे आणि विचित्र दिसत नाही, या तीन कारणांनी जगातली सर्वांत नावाजलेली बेस गिटार विकत घेतली गेली. मी त्या कमानींखाली बराच वेळ उभा होतो. शेजारचा एक म्हातारा कुत्र्याला घेऊन तीनदा माझ्यावरून गेला. तिसऱ्या खेपेला त्याने टोपीला हात लावला.

ती कुठे बनली, हे पाहिल्याशिवाय परत यायचे नाही असे ठरवले होते. म्हणून आगगाडीने दक्षिणेला, बव्हेरियात एर्लांगनला उतरलो, आणि तिथून पुढच्याच स्टेशनाला, बुबेनरॉइथला.

आपल्याकडे तंबोरा म्हटले की मिरज, तसे तिकडे गिटार आणि व्हायोलिन म्हटले की हे गाव. पण मिरज पिढ्यान्‌पिढ्या जागच्या जागी आहे. बुबेनरॉइथचे तसे नाही. कार्ल हॉफ्नर यांनी १८८७ साली धंदा सुरू केला तो बोहेमियातल्या शॉनबाख या गावी. त्याचे आजचे नाव लुबी, आणि ते चेक देशात आहे. त्या गावात घराघरातून वाद्ये बनत. कोणी नुसत्या माना कोरायचा, कोणी नुसत्या खुंट्या, कोणी रोगण चढवायचा. हिटलरने त्या देशावर जो अत्याचार केला त्याची किंमत युद्धानंतर तिथल्या जर्मन भाषिकांना सरसकट मोजावी लागली. माणशी तीस ते पन्नास किलो सामान आणि चालते व्हा. व्हायोलिन बनवणाऱ्याने पन्नास किलोंत काय घ्यावे? भांडी की पटाशी? सुकत ठेवलेले लाकूड तर येणेच शक्य नव्हते, आणि वाद्याचे लाकूड वर्षानुवर्षे सुकवावे लागते.

अशा हजारो निर्वासितांना कोठे ठेवायचे, हा प्रश्न होता. शेती करणाऱ्या, हजारभरही वस्ती नसलेल्या बुबेनरॉइथने १९४९ साली त्यांना जागा दिली. गावात मूळ रहिवासी थोडे आणि पाहुणे कितीतरी जास्त, अशी स्थिती झाली. ही गोष्ट मला तिथल्या एका वृद्ध बाईंनी सांगितली तेव्हा मी त्यांना म्हटले, त्याच वर्षी आमच्याकडे कल्याणच्या छावणीचे उल्हासनगर झाले. उल्हासनगर म्हणजे काय, हे सांगता सांगता अर्धा तास गेला. सिंधमधून आलेल्या माणसांनी तिथे काय काय बनवले आणि कसे स्वस्तात विकले, हे ऐकून बाई हसल्या. त्यांच्या घरी आजोबा नुसत्या माना कोरीत. संध्याकाळी आईच्या एप्रनमध्ये लाकडाचा भुसा असे, आणि भाकरीलाही त्याचा वास येई, एवढेच त्यांना लहानपणचे आठवते.

कार्ल यांचे चिरंजीव वॉल्टर हॉफ्नर यांनी व्हायोलिनच्या आकाराची ही बेस गिटार १९५६ साली लोकांपुढे आणली. हाताला व्हायोलिनची सवय, म्हणून आकार व्हायोलिनचा. पुढे देवदार जातीचे लाकूड, मागे मेपल, हेही व्हायोलिनचेच. ती स्वस्त होती याचे कारण मला त्या गावात कळले, असे वाटते. घर उभे करायचे, पोरे शिकवायची, तेव्हा पुष्कळ माल पुष्कळांना परवडेल असा विकल्याशिवाय गत्यंतर नव्हते. हातातला कस मात्र शॉनबाखहून आलेला होता. तो सामानात वजन करून घेता येत नाही.

मॅकार्टनीची ती पहिली हॉफ्नर १९७२ साली लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेली. पन्नास वर्षांहून अधिक काळ तिचा पत्ता नव्हता. चाहत्यांनी आणि जाणकारांनी शोध चालवला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ती मूळ मालकाकडे परत आल्याचे जाहीर झाले. त्याच डिसेंबरात ब्याऐंशी वर्षांच्या मॅकार्टनीने लंडनच्या रंगमंचावर ती पुन्हा वाजवली. तिची आजची किंमत लाखांत की कोटींत, याची चर्चा वर्तमानपत्रांतून झाली. तीस पौंडांचा उल्लेखही झाला, पण गंमत म्हणून.

राहता राहिली माझी खरेदी. बुबेनरॉइथपासून फार दूर नाही, बांबेर्गच्या पश्चिमेला, ट्रेपेनडॉर्फ नावाचे खेडे आहे. शेते, गुरांचा वास, आणि मधोमध थोमान नावाचे वाद्यांचे प्रचंड दुकान. १९५४ पासून ते तिथे आहे. एका दालनात भिंतभर बेस गिटारी टांगलेल्या. कोणतीही काढा, वाजवा, कोणी हटकत नाही. मी दीड तास वाजवल्या. महाग होत्या त्या खरोखरच चांगल्या होत्या; त्या वाईट होत्या असे म्हणणे हा कोल्हेपणा होईल. पडदे लोण्यासारखे, आवाज गोल, दर्दी. पण आमच्या गॅरेजात, आमच्या त्या लहानशा कर्ण्यातून, ज्याला ४१ कंपनांची तार मुळात पुरती पेलतच नाही, त्यातले किती ऐकू येणार होते? मी गुळगुळीत वेष्टनाच्या चार तारांचा एक संच घेतला. जुन्या तबकड्यांवर ऐकू येतो तसा गोल, ठक्क आवाज त्यांतून निघतो. पाकीट खिशात मावले. उरलेल्या पैशांचे काय करायचे, हा विषय घरात पुन्हा चार दिवस चालायला हरकत नाही.

माझ्या शेजारी पंधराएक वर्षांचा एक मुलगा सगळ्यात खालच्या रांगेतली, शंभर-एक युरोंची, आशियात बनलेली बेस गिटार मांडीवर घेऊन बसला होता. एकच सूर पुन्हा पुन्हा. वडील बाजूला उभे राहून किमतीची चिठ्ठी उलटसुलट करून पाहत होते. मुलाने वर पाहिले. वडिलांनी चिठ्ठी सोडली आणि मान हलवली.

बांबेर्गच्या बसमध्ये ते दोघे माझ्या पुढच्या बाकावर होते. खोके उभे मावेना, म्हणून मधल्या वाटेत आडवे ठेवले होते, आणि चढणारा-उतरणारा प्रत्येक जण त्यावरून पाय उचलून जात होता.