सही करण्याआधी

हैदराबाद, रविवार

प्रिय चिऊ,



काल रात्री तुझा मेसेज आला, ‘मामा, एटीआरवर कोपायलटची ऑफर आलीये. घेऊ, का एअरबसची वाट बघू?’ फोन केला असता तर दोन मिनिटांत उत्तर दिलं असतं. पण मग ताईने मागून ‘काय म्हणतो गं?’ विचारलं असतं, दाजींनी कर्जाच्या हप्त्याचा विषय काढला असता आणि मला जे सांगायचंय ते राहून गेलं असतं. आज सुट्टी आहे, घरात शांतता आहे, म्हणून लिहायला बसलो.

उत्तर आधीच देतो. ऑफर घे. पण सही करण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

तुला २७ एप्रिल २०१७ आठवतो का? तू परीक्षा देऊन मोकळी झाली होतीस. छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेतली पहिली विमानं त्या दिवशी निघाली. पंतप्रधानांनी सिमल्याहून झेंडा दाखवला आणि त्याच दिवशी आपली नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली. दाजी तुला स्कूटरवर मागे बसवून त्या रणरणत्या उन्हात विमानतळाच्या कुंपणापर्यंत घेऊन गेले. संध्याकाळी मला फोन केलास आणि पहिलाच प्रश्न विचारलास, ‘मामा, त्याला पंखे होते. आपल्याला जुनं विमान पाठवलं का?’

नऊ वर्षांनी तू मला तेच विचारते आहेस, कारण एटीआरही पंख्याचंच. तुझ्या बॅचमधली मुलं जेटशिवाय बोलत नाहीत, हे मला माहीत आहे. पण पंख्याचं विमान म्हणजे जुनं विमान नव्हे. त्या पंख्यामागेही टर्बाइन इंजिनच असतं. तीन-चारशे किलोमीटरच्या पल्ल्याला ते जेटपेक्षा कितीतरी कमी इंधन पितं, आखूड धावपट्टीवर उतरतं, म्हणून तर नांदेड, जळगाव, कोल्हापूर, चिपीसारख्या ठिकाणी विमान येऊ शकलं. आणि एक गोष्ट तुझ्या मैत्रिणींनाही सांग. १९८५ साली आपल्या देशात पहिल्यांदा दोघी वैमानिक बायकांनी मिळून प्रवासी विमान नेलं, ते कलकत्त्याहून सिलचरला. कमांडवर कॅप्टन सौदामिनी देशमुख होत्या आणि विमान होतं फॉकर फ्रेंडशिप. तेही पंख्याचंच.

एटीआर तुला जे शिकवेल ते दुसरीकडे इतक्या लवकर कुणी शिकवणार नाही. याला ऑटोथ्रॉटल नाही. पॉवर किती द्यायची, कधी काढायची, हे तुझ्या हाताने ठरतं. पॉवर हलवली की नाक बाजूला सरकतं, मग रडर ट्रिम. पुन्हा पॉवर, पुन्हा ट्रिम. पहिले दोन महिने वाटेल की आपल्याला हे कधीच जमणार नाही. मग एक दिवस लक्षात येईल की हात आपोआप जातोय. पंचवीस हजार फुटांच्या वर हे विमान जात नाही, आणि आपण तर बहुतेक वेळा सोळा-अठरा हजारांवरच असतो. जेटवाले बऱ्याचदा पावसाळी ढगांच्या डोक्यावरून जातात, आपल्याला त्यांच्यामधून वाट काढावी लागते. जुलै महिन्यात घाट ओलांडताना रडारच्या पडद्यावर हिरवा-पिवळा-लाल रंग वाचायला तू जे शिकशील, ते पुढे कुठल्याही विमानात तुझ्या कामी येईल.

जमिनीवर मात्र हे विमान अंगाचा घाम काढतं. एटीआरला स्वतंत्र एपीयू नाही. स्टँडवर वीज आणि हवा हवी असेल तर उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थोपवायचा आणि इंजिन तेवढं चालू ठेवायचं. याला आम्ही हॉटेल मोड म्हणतो. मागून जोराचा वारा असेल तर तेही करता येत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता एखाद्या छोट्या विमानतळावर पंचवीस मिनिटांत प्रवासी उतरवायचे, नवे घ्यायचे, इंधन बघायचं, लोडशीट तपासायची. शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि कागदावर घामाचे थेंब पडतात. असं दिवसातून चार-पाच वेळा. माझा डबा कितीदा तिसऱ्या सेक्टरनंतर उघडला गेलाय आणि चौथ्यानंतर अर्धा तसाच बंद झालाय.

पैशाचं सांगतो, कारण ते दाजींना जास्त छळतंय. आपल्याकडे पगाराचा मोठा भाग उडण्याच्या तासांवर असतो. विमान जागेवरून हललं की तास मोजायला लागतात. त्याआधीचा रिपोर्टिंगचा वेळ, श्वासाची तपासणी, मधले टर्नअराउंड, उशीर झालेल्या विमानाची वाट बघणं, या सगळ्यात तू ड्यूटीवर असतेस, पण तास साचत नाहीत. लांब पल्ल्याच्या वैमानिकाचे एका फेरीत जितके तास होतात, तितके करायला आपल्याला कितीतरी फेऱ्या लागतात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं हप्ता भागवून फार काही उरणार नाही. हे घरी आत्ताच स्पष्ट सांग, नंतर नको.

वाट बघण्याबद्दल म्हणशील तर २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली, तेव्हा गोंदियात तुमच्या फ्लाइंग स्कूलच्या वसतिगृहात पेढे वाटले गेले असतील. त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली आणि अनुभवी वैमानिक बाजारात आले. आणि त्याच वर्षी देशात १,६२२ नवी कमर्शियल लायसन्स दिली गेली. ऑर्डर दिलेली विमानं यायला वर्षं लागतात, लायसन्स घेतलेली मुलं मात्र आज दारात उभी आहेत. दोनशे तासांवर घरी बसलेल्या मुलाच्या हाताची सवय तुटत जाते, परीक्षा जुन्या होतात, मेडिकलचं नूतनीकरण चुकत नाही. म्हणून म्हणतो, उडत राहा.

पुढचा रस्ता कसा आहे तेही ऐक. १,५०० तास झाले आणि एटीपीएल लायसन्स हातात आलं की एटीआरवर कमांडचा विचार होऊ शकतो. जेटच्या मानाने इथे कॅप्टनची चौथी पट्टी लवकर मिळते. पण पुढे जेटवर जायचं ठरवलंस तर बहुतेक वेळा पुन्हा उजव्या सीटवर बसावं लागतं, पुन्हा टाइप रेटिंग, पुन्हा कमांडची रांग. मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अजून एटीआरवर आहे ते काही फक्त प्रेमापोटी नाही. दोनदा संधी आली होती, दोन्ही वेळा उत्पन्न एकदम निम्म्यावर आणायची हिंमत झाली नाही. तू पंचविशीत असताना हा निर्णय घेशील तर सोपा जाईल.

आता करार. बाँड किती वर्षांचा आहे, मधे सोडलं तर किती रक्कम, आणि ती दरवर्षी कमी होते का, हे तीन प्रश्न लेखी विचार. सरकारी नियमाने २०१७पासून कोपायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष नोटीस द्यावी लागते. कंपनी पगार थकवायला लागली तरी माणूस लगेच निघू शकत नाही, ही त्यातली खरी अडचण. मी हे भोगलंय. माझी पहिली कंपनी बंद पडली तेव्हा चार महिन्यांचा पगार अडकला होता, तो आजही आलेला नाही. दहा महिने घर तुझ्या मामीच्या पगारावर चाललं. लायसन्स जिवंत ठेवायला सिम्युलेटरची सहामाही तपासणी स्वतःच्या पैशाने दिली. तू तेव्हा लहान होतीस, तुला वाटलं मामा सुट्टीवर आलाय आणि तू मला रोज गोदावरीच्या घाटावर ओढून न्यायचीस. ते दिवस तुझ्यामुळे निघाले.

छोट्या कंपन्या वाईट असतात असं नाही गं. ज्या मार्गांवर त्या उडतात ते मार्गच नाजूक असतात. ‘उडान’मध्ये तीन वर्षं सरकार तोटा भरून देतं, त्यानंतर मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. महालेखापरीक्षकांच्या २०२३च्या अहवालात हिशेब आहे: ७७४ मार्ग दिले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांतल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च २०२३पर्यंत टिकून होते फक्त ५४. तू कुंपणातून पाहिलेलं विमान ज्या कंपनीचं होतं, तीही २०२२ साली थांबली. नांदेडला पुढे २०२४मध्ये दुसरी कंपनी आली. मार्ग बंद होतो तेव्हा वर्तमानपत्रात प्रवाशांच्या गैरसोयीची बातमी येते. त्या मार्गासाठी दुसऱ्या गावात बेस घेऊन, मुलांच्या शाळा बदलून राहिलेल्या वैमानिकाची बातमी येत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

२०२४च्या जानेवारीत विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत आणि रात्रीच्या उतरणी सहावरून दोनवर. कंपन्यांनी विरोध केला, तारीख पुढे गेली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि अखेर २०२५च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत नियम लागू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काय झालं ते तू टीव्हीवर पाहिलंसच. इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि नियमांना तात्पुरती सूट द्यावी लागली. विमानतळांवर अडकलेल्या लोकांचा राग मी समजू शकतो. पण त्या दिवसांत ‘वैमानिकांना एवढी झोप कशाला लागते’ असं लोक बोलत होते, ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

त्यातही आपली, एटीआरवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. आपला थकवा मध्यरात्रीचा कमी, पहाटेचा आणि फेऱ्यांचा जास्त. अनेक छोट्या धावपट्ट्यांवर रात्री उतरायची सोय नसते, म्हणून सगळं उडणं उजेडात कोंबलेलं असतं. सहाच्या विमानासाठी गाडी चारला दारात येते, म्हणजे उठायचं सव्वातीनला. उतरणी वाढतील तशी ड्यूटीची मर्यादा नियमात कमी होते हे खरं, पण कागदावर बसलेला दिवस शरीरात बसेलच असं नाही. उतरणं हा उड्डाणातला सगळ्यांत एकाग्रतेचा भाग, आणि तो आपण दिवसात पाच-पाच वेळा करतो.

चार वर्षांपूर्वी जून महिन्यात मी सलग चौथ्या दिवशी पहाटे उठलो होतो. चार सेक्टर संपले, तेव्हा ऑपरेशन्समधून फोन आला, ‘कॅप्टन, एवढा एक काढून द्या ना, दुसरा क्रू नाही.’ मर्यादेत बसत होतं. मी हो म्हणालो. खरं म्हणजे माझे डोळे जळत होते आणि मला ते माहीत होतं. खाली उतरताना कंट्रोलरने चार हजार फूट दिले. मी बरोबर परत म्हणून दाखवलं आणि हाताने तीन हजार लावले. खाली डोंगर होते, वर ढग. उजव्या सीटवर तेवीस वर्षांची मुलगी, लाइनवर येऊन तिला तीन महिने झाले होते. ती दोन सेकंद गप्प राहिली. ती दोन सेकंदं मला ऐकू आली. मग म्हणाली, ‘सर, चार हजार.’

मी आकडा बदलला. आम्ही नीट उतरलो. मागे बसलेल्या कुणालाही काही कळलं नाही.

हॉटेलवर गेल्यावर मी तिला विचारलं, दोन सेकंद का थांबलीस? म्हणाली, ‘सर, मला वाटलं माझीच ऐकण्यात चूक झाली. मीपण खूप दमले होते.’ त्या रात्री मी फटीग रिपोर्ट लिहिला, स्वतःच्या चुकीसकट. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आला, ‘एवढं लिहून द्यायची काय गरज होती?’ पुढचे दोन महिने माझ्या रोस्टरमध्ये स्टँडबाय वाढले, उडण्याचे तास घटले, त्याबरोबर पगारही. मी तो रिपोर्ट मागे घेतला नाही.

आणखी एक गोष्ट ऐक. २००९च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं पंख्याचं विमान पडलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. चौकशीत कॅप्टनने चुकीच्या दिशेने ओढलेलं कंट्रोल हे कारण निघालं. थकव्याचा त्यात किती वाटा होता ते ठरवता आलं नाही. पण त्यातली कोपायलट चोवीस वर्षांची होती. राहायची सिअॅटलला आई-वडिलांकडे, बेस होता देशाच्या दुसऱ्या टोकाला नेवार्कला. आदल्या रात्री मालवाहू विमानांतून देश ओलांडून आली, क्रूच्या खोलीत सोफ्यावर पडली आणि सर्दी असताना ड्यूटीवर गेली. तिचा पगार इतका तुटपुंजा की त्यात बेसजवळ खोली घेणं कठीणच होतं. गेलेल्यांच्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा तिथे कोपायलटला १,५०० तासांची अट आली आणि विश्रांतीचे नियम बदलले. त्या चौकशीचा अहवाल मी तुला पाठवतोय. त्यातलं तिचं आणि कॅप्टनचं बोलणं वाच. सर्दीबद्दल, पगाराबद्दल, बर्फाबद्दल. आपण रोज कॉकपिटमध्ये जे बोलतो तेच आहे.

म्हणून, बेस जिथे मिळेल तिथे खोली घे. महाग पडली तर पहिलं वर्षभर निम्मं भाडं मी देईन, हे दाजींना सांगू नकोस. नांदेडहून रात्रीच्या गाडीने येऊन पहाटे ड्यूटीला जायचं नाही. ‘एवढा एक काढा’ असा फोन येईल तेव्हा दमलेली असशील तर ‘मी दमले आहे’ एवढंच म्हण आणि लिहूनही दे. तुला उडायला आवडतं, हे त्यांना माहीत असतं, आणि त्या आवडीवरच हा फोन चालतो. आणि डावीकडे बसलेला माणूस माझ्याएवढा असो नाहीतर माझ्यापेक्षा मोठा, चुकीचा आकडा दिसला की दोन सेकंदसुद्धा थांबू नकोस.

कराराची प्रत मला पाठव, दोघं मिळून एकेक कलम वाचू. मला ‘सर, चार हजार’ म्हणणारी ती मुलगी आता कॅप्टन झालीये, एटीआरवरच. तुझ्याबद्दल तिला सांगितलंय, नंबर खाली देतो. तिला फोन कर, पण सकाळी नको. सध्या तिला पहाटेची ड्यूटी लागलीये.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा