साठीनंतरची लस

राहूत, म्हणजे भीमा आणि मुळा-मुठेमधल्या या उसाच्या पट्ट्यात, म्हाताऱ्या माणसाबद्दल एक ठाम समजूत आहे. ती माझीही होती. जन्मभर पाण्यापावसात राबलेलं शरीर मुरलेलं असतं, आजारपणं अंगावर काढून झालेली असतात, त्याला लस कशाला? लस पोराबाळांची.

माझं मत बदललं ते आत्याच्या नागिणीनं. वेढा पुरा झाला की माणूस जातं, म्हणून घर जागं राहिलं, गेरू लावला, उतरवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, ही बाहेरून आलेलीच नाही. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या चेतागाठींत दबा धरून होता. वयानं पहारा ढिला पडला तसा उठला. एका नसेच्या वाटेनं येतो म्हणून तो बहुधा एकाच बाजूला राहतो. गोळ्या मात्र पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. आपले तेच तास गेरूत जातात.

हा पहारा ढिला का पडतो? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी तिथे तयार होतात. ती तरुणपणापासूनच आकसत जाते, तिची जागा चरबी घेते. म्हणून म्हातारपणी जुन्या रोगांची ओळख बरीच उरते, पण नवा रोग ओळखणाऱ्या कोऱ्या पेशी कमी पडतात. मुरलेपण खरं, पण अर्धंच. शिवाय गुऱ्हाळ थांबल्यावर चुलाणात धग राहावी तसा बारीक दाह अंगात धुमसत राहतो. इटलीच्या क्लाउडिओ फ्रान्चेस्कींनी 2000 साली त्याला वार्धक्याशी जोडलं. काढे पिऊन 'शक्ती वाढवा' म्हणणाऱ्यांवरचा माझा विश्वास इथेच उडाला. नुसतं वाढवायचं काय, धुमसणंही?

सगळ्यात जास्त हललो ते पुढच्या माहितीनं. नागिणीवरची नवी लस सत्तरीपुढच्यांतही चाचणीत सुमारे 90 टक्के उपयोगी ठरली. म्हणजे म्हातारं शरीर अजून शिकतं, फक्त त्याला नीट शिकवावं लागतं. ही लस 2023 पासून भारतात मिळते, पण तिचे दोन डोस शेतमजुराच्या आवाक्यातले नाहीत. 2024 मध्ये राज्यात प्रौढांना क्षयावरची बीसीजी लस फुकट देणं सुरू झालं, त्यात साठीपुढचेही होते. नागीण, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीही अशाच फुकट मिळायला हव्यात, असं मी आता चावडीवर उघड म्हणतो.

आणि आणखी एक सांगत असतो: या वयात न्यूमोनियातही कधीकधी ताप येत नाही. आजी अचानक बरळायला लागली, जेवेना झाली, तर कपाळाला हात लावून थांबू नका, तिला यवतच्या रुग्णालयात न्या.