चेहरा नसलेली बाहुली

कॅनडातील टोरोंटो शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर ब्रँटफर्ड हे गाव आहे. त्याच्या जवळच ग्रँड नदीकाठी सहा राष्ट्रांची वसाहत आहे. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका व टस्करोरा हे ते सहा मूलनिवासी समाज. परक्यांनी त्यांना 'इरोक्वॉय' हे नाव चिकटविले. ते स्वतःला होडेनोशोनी, म्हणजे लांब घराचे लोक म्हणवितात. लादलेले नाव टाकून स्वतःचे नाव घेण्याचे मोल आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मका, घेवडा आणि भोपळा यांना हे लोक तीन बहिणी मानतात. तिन्ही एकत्र लावतात. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो, भोपळ्याची पाने जमिनीची ओल राखतात. कणीस सोलल्यावर उरलेली सालेही वाया जात नाहीत. त्यांच्या चटया होतात, मुलांसाठी बाहुल्या होतात.

आम्ही तेथे गेलो तेव्हा एका आजींनी बाहुली करून दाखविली. वाळलेली साले मोडू नयेत म्हणून आधी पाण्यात भिजविली. काही साले एकत्र बांधून उलटी दुमडली की डोके तयार. सालांची वेणी घालून हात केले, ते मधून सरकवून खाली दोऱ्याने कंबर आवळली. मग घेरदार झगा. पण तोंडावर नाक नाही, डोळे नाहीत!

कारण विचारता आजींनी कथा सांगितली. मुलांना खेळविण्यासाठी पहिली बाहुली झाली, ती फार देखणी होती. जो तो कौतुक करी. पाण्यात स्वतःचे रूप न्याहाळता न्याहाळता ती मुलांना विसरली. समज देऊनही ऐकेना, तेव्हा निर्मात्याने तिचा चेहरा काढून घेतला. निर्माता आम्ही मानीत नाही. पण रूपाने कोणी श्रेष्ठ ठरत नाही, हा बोध मनोमन पटला.

याच ब्रँटफर्डमध्ये मोहॉक इन्स्टिट्यूट नावाची निवासी शाळा होती. तेथे मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडले जाई, मायबोली बोलल्यास शिक्षा होई. १९७० साली ती बंद झाली. १९७२ साली त्याच जागी वुडलँड सांस्कृतिक केंद्र उभे राहिले. घरापासून तोडलेल्या मुलांना आजीच्या हातची कला कोण शिकविणार? म्हणूनच आज ती शिकविणाऱ्या हातांचे मोल मोठे आहे.

बंधुभगिनींनो, मुलांना शाळेत पाठवाच. पण आपल्या आज्यांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायिल्या आहेत. या सुटीत मुलांना आजीजवळ बसवा, त्या ओव्या वहीत उतरवून घ्या. आजी गेल्यावर ते धन कोठेच मिळणार नाही.