अहो, ते काळं तेल फेकू नका!

गेले काही महिने मी घरात, गोडाऊनवर, लग्नाच्या मांडवात, भेटेल त्याला जळक्या ऑइलबद्दल सांगत सुटलोय. बायको म्हणते, निदान पाव्हण्यांसमोर तरी ती तेलाची बाटली काढू नका. पण करू काय! उभं आयुष्य नाशिकच्या आडगाव नाक्यावर ट्रकांच्या धुरात गेलं, किती डबे काळं तेल भंगारवाल्याला दिलं याचा हिशोब नाही, आणि त्या तेलात इंजिनाच्या पोटातलं सगळं लिहिलेलं असतं हे मला आत्ता कळतंय!

झालं असं, की आमची एक दहाचाकी दिवाळीनंतर ऑइल खायला लागली. लासलगाव-पिंपळगावचा कांदा भरायचा आणि मुंबई गाठायची, हाच तिचा रोजचा रस्ता. येताना कसारा चढताना मागून निळसर धूर, आणि खेपेगणिक पट्टीवर ऑइल खाली. द्वारकेच्या मिस्तरीचाचांनी ऑइल बोटावर घेतलं, अंगठ्याने चोळलं, नाकाला लावलं. "भाऊ, रिंगा गेल्या. हाफ इंजिन करून टाकू, नाहीतर एक दिवस घाटात बसंल." तोंडावर द्राक्षाचा हंगाम. हाफ इंजिन म्हणजे इंजिन अर्धं खोलायचं, गाडी उभी, हप्ता चालू.

अंबडला कारखान्यात मेंटेनन्सला असलेला भाचा त्या दिवशी जेवायला होता. तो म्हणाला, "मामा, खोलायच्या आधी ऑइल लॅबला तरी पाठवा. आम्ही हायड्रॉलिकचं पाठवतोच." खर्च विचारला, तर एका टायरच्या निम्म्यातही बसत होता. म्हटलं, जाऊ दे पैसे!

नमुना घेणं हेही एक शास्त्रच निघालं. इंजिन गरम पाहिजे. चेंबरचा नट काढल्यावर पहिली धार सोडून द्यायची, कारण तळाचा गाळ तिच्यात येतो. मधली धार कोऱ्या, कोरड्या बाटलीत धरायची. वर चिठ्ठी: गाडी किती चालली, हे ऑइल किती चाललं, मधे टॉपअप किती केला. टॉपअप लपवला तर रिपोर्ट खोटा, कारण नव्या तेलाने जुनी घाण पातळ होते.

आणि मग रिपोर्ट आला. एक कागद. लोखंड 94, क्रोमियम 9, ॲल्युमिनियम 17, तांबं 6, शिसं 4, सिलिकॉन 41. हे सगळं पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग. मी कॅल्क्युलेटर काढला. चेंबरमधलं तेल साधारण सोळा किलो, म्हणजे त्यात लोखंड जेमतेम दीड ग्रॅम! चिमटीत मावेल एवढं लोखंड, तेही डोळ्याला न दिसणाऱ्या कणांत, आणि यंत्राने ते मोजलं!

कसं मोजलं ते ऐका. तेलावर ठिणगी पाडून ते जाळतात. प्रत्येक धातू जळताना आपापल्या रंगाचा उजेड देतो. दिवाळीच्या फटाक्यात स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा असतो ना, तेच तत्त्व! यंत्र तो उजेड फोडतं आणि कोणता रंग किती तेजाचा ते वाचतं. अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे नावाच्या रेल्वेने 1940च्या दशकात डिझेल इंजिनांसाठी हे सुरू केलं. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ते चालतं. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांना मी उड्या मारत सांगायला गेलो, तर ते शांतपणे म्हणाले, "विमानाच्या इंजिनाचं तेल असंच तपासतात. तुला आज कळलं?" हो, आजच कळलं!

खरी गंमत आकड्यांच्या जोड्यांत आहे. तांबं आणि शिसं वाढलं तर बेअरिंग झिजतंय. सोडियम, पोटॅशियम आलं तर कूलंट तेलात उतरतंय, हेड गॅस्केट बघा. तेल पातळ झालं तर एखादी नॉझल गळून डिझेल खाली जात असेल. आमचं तांबं-शिसं थोडं, म्हणजे क्रँकची बेअरिंगं ठणठणीत. कूलंट नाही, डिझेल नाही. पण लोखंड म्हणजे लायनर, क्रोमियम म्हणजे पिस्टनच्या रिंगा, आणि त्या दोघांबरोबर सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम हातात हात घालून वर. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम एकत्र कशात असतात? मातीत! इंजिन धूळ खात होतं!

चाचा मानेनात. "फिल्टर तर मी स्वतः नवा टाकला." खरंच नवा होता. मग टॉर्च घेऊन आम्ही फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा रबरी होस चाचपत गेलो. क्लॅम्प वरून घट्ट दिसत होता. खालच्या बाजूला होस नखभर चिरलेला. आत बोट घातलं तर पिठासारखी तांबूस धूळ बोटाला. कांद्याच्या खळ्यांवरची, बाजार समितीच्या आवारातली! चाचा त्या बोटाकडे बघत राहिले.

होस बदलला, क्लॅम्प बदलला, ऑइल बदललं. हाफ इंजिन पुढे ढकललं. 7 हजार किलोमीटरनंतर परत नमुना: लोखंड 21, सिलिकॉन 10. आता इथे फसायचं नाही. पहिलं तेल 14 हजार चाललेलं होतं, म्हणून हिशोब हजारी करायचा. हजारी पावणेसातवरून लोखंड तीनवर आलं! गाडी अजून थोडं ऑइल खाते, झिजलेल्या रिंगा काही परत भरून येत नाहीत. पण झीज थांबायला लागली आणि द्राक्षाचा हंगाम निघाला.

एक फजितीही सांगतो. हे यंत्र बारीक कणच वाचतं. मोठा कपचा त्याला दिसत नाही, त्यासाठी ऑइल फिल्टर कापून कागद तपासायचा असं वाचलं. लगेच हॅक्सॉ घेऊन कापला. कागदावर चमचम! पोटात गोळा. चाचांना फोन, "इंजिन गेलं!" ते आले, बघितलं आणि खाली बसून हसले. तो हॅक्सॉचाच भुसा होता.

आणि काळ्या रंगाचं म्हणाल तर डिझेल इंजिनात तेल काळं पडतंच. काजळी धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे. इतकी वर्षं रंग बघून "ऑइल गेलं" म्हणत होतो!

काल सकाळी चाचा स्वतः गोडाऊनवर आले. खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली, अर्धी काळ्या तेलाने भरलेली. त्यांच्या जुन्या जीपचं. "ही चालंल का बघ." बाटलीच्या तळाशी अजून गुलाबी औषध होतं. मी त्यांना कोरी बाटली दिली आणि म्हटलं, "चाचा, इंजिन गरम करून आणा. मधली धार."