रोझा बोनरचे बैल

प्रिय मनू,

'पँट घालायला पोलिसांचा परवाना काढणारी चित्रकार' ही रील पाठवलीस, ती बघितली. गोष्ट खरी आहे. बायकांना पुरुषी कपडे घालायचे तर पोलिसांची परवानगी हवी, असा पॅरिसमध्ये १८०० सालापासून हुकूमच होता. त्या फ्रेंच चित्रकार रोझा बोनरच्या १८५७च्या एका परवान्याची मुदत सहा महिने, आणि त्या वेशात नाटकाला, नाचाला जायचं नाही अशी वर अट! पण सगळे त्या पँटपाशीच अडकतात, याचा मला राग येतो. ती घालून ही बाई जायची कुठे, ते कुणी विचारत नाही.

जायची कत्तलखान्यात, जनावरांची हाडं आणि स्नायू नीट समजून घ्यायला. जायची घोडेबाजारात, आठवड्यातून दोनदा, तब्बल दीड वर्ष. त्यातूनच पाच मीटर रुंदीचं 'घोडेबाजार' झालं, १८५३च्या सालों प्रदर्शनात लागलं आणि तिचं नाव सर्वतोमुखी झालं. ते चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

तुझ्या हाताशी आहे ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं 'निव्हर्नेतली नांगरणी'. १८४८च्या क्रांतीनंतर आलेल्या सरकारने ३००० फ्रँकला तिच्याकडून करून घेतलेलं. १८४९ साली ते पुरं झालं, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. सहा-सहा बैलांचे दोन नांगर चढणीला लागलेत. आपल्याकडच्यासारखं वशिंड नाही, आणि जूही मानेवर नाही, थेट शिंगांना बांधलेलं. पुढे नुकतीच उलटलेली ढेकळं, इतकी ओली की हात लावला तर बोटांना माती लागेल. नांगऱ्या बैलांच्या आड गेलाय. आणि त्या गर्दीतला एक बैल मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याकडे बघतो. बिचारा वगैरे नाही हं. कामात असलेला प्राणी बघतो तसा.

चित्रकार मिलेच्या सरवा वेचणाऱ्या बायकाही ओर्सेतच आहेत. त्यांच्या पाठी बघून गलबलतं. रोझाकडे माणसाविषयीची ती कळ नव्हती, तिची माणसं मला जरा लाकडीच वाटतात. जनावर मात्र तिला आतून कळायचं. लहानपणी तिला अक्षरं येईनात, तेव्हा आईने प्रत्येक अक्षरासाठी एकेक प्राणी काढायला लावला होता म्हणे. ती आई रोझा अकरा वर्षांची असतानाच गेली. वडील चित्रकार, पण डोक्यात समाज बदलण्याचं खूळ; घरात पैशांची कायम ओढाताण.

पुढे मात्र इंग्लंडमध्ये तिच्या चित्रांना, त्यांच्या छापील प्रतींना अफाट मागणी आली. स्वतःच्या कमाईवर तिने फोंतेनब्लोच्या रानाशेजारी बी गावात मोठा वाडा घेतला, मैत्रीण नाताली मिकाबरोबर राहिली, आवारात सिंहसुद्धा पाळले. १८६५मध्ये फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी 'लेजियों द ऑनर' हा सन्मान द्यायला स्वतः तिच्या दारी आली. नंतर इंप्रेशनिस्टांची हवा आली आणि हिला 'जुनाट' म्हणून कोपऱ्यात बसवलं गेलं. गुळगुळीत रंगवायची, हा आरोप काही अगदीच खोटा नाही. पण त्या ढेकळांपुढे उभं राहून तो करून दाखव म्हणावं.

तेव्हा ओर्सेत मोनेच्या दालनाकडे पळण्याआधी ही नांगरणी बघ. बीच्या वाड्यातली तिची चित्रशाळाही बघता येते, पण आधी वेळा विचारून घे. आणि रेखाटनाची वही ने. फोटो पाठवलास तर मी उघडणार नाही.

तुझी,
मावशी