मुंगीचे पाय टेकायला हवेत

माधवनगरात रेल्वेरुळाच्या कडेनं रुई उदंड. पावसाळा सरला की तिच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा चढतो. मावा रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात. मावा खायला ढालकिडा आला की मुंग्या त्याच्या अंगावर धावून जातात. हे सगळं चालतं अंगठ्याएवढ्या जागेत. ते एका चित्रात यावं म्हणून दोन हिवाळे मी सकाळी सकाळी त्या झुडपांपाशी गुडघे टेकून बसलो आहे.

एका क्लिकमध्ये ते मावत नाही. किडा आहे त्याच आकारात सेन्सरवर उतरवायचा, तर एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचीच खोली स्पष्ट येते. ढालकिड्याची पाठ रेखीव आली की मुंगी पुसट होते. म्हणून माव्यानं लगडलेला शेंडा वेगळा टिपायचा, मुंगी वेगळी, ढालकिडा वेगळा, आणि मग संगणकावर तिघांना एकत्र आणायचं. किडा कापून घेणं हाताला वळण लागलं की जमतं. खरी कसोटी तो पानावर बसवण्यात असते.

पहिलं चित्र छापून शेजारच्या काकांना दाखवलं. त्यांची हयात यंत्रमागावर गेली. कापडात तुटलेला धागा त्यांना लांबून दिसतो. चित्र उजेडाकडे धरून ते म्हणाले, "समदं झ्याक हाय, पर ही मुंगी टेकली न्हाई."

खरंच टेकली नव्हती. मी तिच्या पोटाखाली एकच सावली फासली होती. चालताना मुंगीचे सहापैकी तीन पाय जमिनीला असतात: एका बाजूचा पुढचा आणि मागचा, दुसऱ्या बाजूचा मधला. टेकलेल्या पायाची सावली पायालाच चिकटून सुरू होते, तिथं गडद असते आणि पुढं विरत जाते. उचललेल्या पायाची सावली पायापासून सुटी पडते. शिवाय रुईच्या कोवळ्या पानावर पांढरी लव असते. पाय त्या लवेत किंचित बुडालेला दिसला पाहिजे, म्हणून मूळ पानाच्या चार केसांइतकी लव त्याच्यावर आणावी लागते. एवढ्या कामाला माझी एक अख्खी रात्र गेली, आणि ती सार्थकी लागली.

दुसरी चूक उजेडाची. ढालकिडा मुंगीच्या समोर यावा म्हणून मी तो उलटा फिरवला. त्याच्या गुळगुळीत पाठीवर फ्लॅशचा पांढरा चौकोन उमटलेला असतो. तो डावीकडून उजवीकडे गेला, मुंगीच्या पोटावरची चमक मात्र डावीकडेच राहिली. एका पानावर दोन सूर्य! आता मी किडा फिरवत नाही, तो हव्या त्या बाजूला तोंड करेपर्यंत थांबतो. आकारालाही हात लावत नाही. तिन्ही छायाचित्रं एकाच अंतरावरून घेतो. ढालकिडा जरा मोठा केला तर चित्र भारी दिसेल असं वाटतं खरं, पण ती मुंगीशी बेइमानी आहे.

1912 साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतलं वाटाण्याचं रोप कॅमेऱ्यासमोर ठेवून त्याची वाढ टप्प्याटप्प्यानं टिपली. पडद्यावर ते रोप पाहता पाहता उगवलं. इतकं भराभर वाढणारं रोप कुणी पाहिलेलं नसतं, तरी त्यातला तुकडा न् तुकडा खरा होता. मी ज्या परंपरेत काम करतो ती मला तिथून सुरू झालेली वाटते. मुंगी ढालकिड्याला हुसकावते हे मी त्या रुईवर डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणूनच ते जोडलं. जे पाहिलं नाही ते जोडणार नाही.

वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धेला हे चित्र मी पाठवत नाही. तिथं एकाच क्षणाचं चित्र अपेक्षित असतं. घरच्या भिंतीवर ते लावलंय, आणि खाली लिहिलंय: रुई, माधवनगर, तीन छायाचित्रं जोडून. तुम्ही असं चित्र केलंत तर ही ओळ गाळू नका.