मी करीन

तिन्ही काळांत भविष्यकाळ मला अधिक प्रिय आहे. भूतकाळ झाल्या गोष्टींचा हिशेब मागतो, वर्तमानकाळ हातचे काम सोडू देत नाही. भविष्यकाळ मात्र दार उघडून उभा असतो.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी अशा अनेक भाषा कानांवर पडत असतात. त्यांत निवृत्तीनंतर मी स्पॅनिश शिकण्याचा छंद लावून घेतला. या भाषेतील क्रियापदे तीन कुळांची. काहींच्या शेवटी ‘आर’ येतो, काहींच्या ‘एर’ आणि काहींच्या ‘ईर’. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, ‘कोमेर’ म्हणजे खाणे आणि ‘बिबीर’ म्हणजे जगणे. वर्तमानकाळात या कुळांचे प्रत्यय सारखे नसतात. परंतु भविष्यकाळाच्या उंबरठ्यावर हा भेद मिटतो. नियमित क्रियापद अख्खे ठेवावे आणि त्यापुढे प्रत्यय जोडावा, एवढेच काम. ‘आब्लारे’ म्हणजे मी बोलेन, ‘आब्लारास’ म्हणजे तू बोलशील, ‘आब्लारा’ म्हणजे तो किंवा ती बोलेल. तसेच ‘आब्लारेमोस’ म्हणजे आम्ही बोलू, ‘आब्लारेइस’ म्हणजे तुम्ही बोलाल आणि ‘आब्लारान’ म्हणजे ते बोलतील. याच रीतीने ‘कोमेरे’ म्हणजे मी खाईन, आणि ‘बिबिरे’ म्हणजे मी जगेन.

आपल्या मराठीचा भविष्यकाळही असाच समदर्शी आहे. ‘मी करतो’ आणि ‘मी करते’ यांवरून बोलणारा मुलगा की मुलगी, हे कळते. ‘मी करीन’ असे मात्र दोघेही म्हणतात. शेजारच्या हिंदीत ‘करूँगा’ आणि ‘करूँगी’ हा भेद राहतोच.

स्पॅनिशमधील हे प्रत्यय आले तरी कोठून? आन्तोनिओ दे नेब्रिहा या पंडिताने १४९२ मध्ये त्या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यानेच हे कोडे उलगडून दाखविले आहे. जवळ बाळगणे या अर्थाचे एक जुने क्रियापद होते. त्याचीच रूपे झिजून मुख्य क्रियापदाला चिकटली. म्हणजे ‘मी बोलेन’ याचा मूळ अर्थ ‘मला बोलायचे आहे’ असा होतो. त्या भाषेने आपला उद्या कर्तव्याच्या पायावर बांधला!

हे वाचले आणि मला आईचा एक शब्द आठवला. तेव्हा आमचे गाव भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये निराळा झाला. एका वर्षी मृग कोरडा गेला, पुढेही पाऊस आला नाही. धानाचे पऱ्हे उभ्या जागी पिवळे पडले. रोवणी अर्धीही झाली नाही. माझी शाळा सुटणार, असे सर्वांनी धरले होते. शेजारी धीर देत, “पाऊस येईल.” आई म्हणाली, “मी याला शिकवीन.”

दोन्ही वाक्ये भविष्यकाळीच. परंतु पहिल्या वाक्यात केवळ आशा होती. दुसऱ्यात आईने आपल्या खांद्यावर घेतलेला भार होता. पुढची दोन वर्षे ती दुसऱ्यांच्या बांध्यांत दिवसभर वाकून चिखलात रोवणी करीत राहिली. माझी फी एकदाही थकली नाही. आई शाळेची पायरी कधी चढली नव्हती. ‘शिकवीन’ या रूपाचा पुरुष कोणता आणि वचन कोणते, असे कोणी विचारले असते तर ती हसली असती. त्या शब्दाचा अर्थ मात्र तिला नेब्रिहाइतकाच ठाऊक होता.

मुलांनो, क्रियापदांचा तक्ता कोणत्याही भाषेचा असो, तो अवश्य पाठ करा. त्यातील इतर रूपे पाठ झाली की काम भागते. ‘मी’पुढचे रूप मात्र पाळावे लागते.